हिरवी पट्टी

रॉइस टिडवेलला त्या खेळाचं नुसतं नाव वाचलं तरी शिसारी यायची. 'ब्लॅक सायलो' असा विषय लिहिलेली ई-मेल आली की तो ती न उघडताच कचऱ्यात टाकायचा. वर्षाला अशा दहा-पंधरा तरी यायच्या. कुणाला सही हवी असणार, कुणाला मुलाखत, कुणी नुसतीच शिवी हासडलेली असणार. अठ्ठावीस वर्षांत रॉइसने त्यातली एकही वाचली नव्हती, आणि तो खेळ तर एकदाही पुन्हा लावून बघितला नव्हता. आपणच केलेली घाण पुन्हा कशाला हुंगायची, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्यातलं 'आपणच' हे नुसतं म्हणण्यापुरतं. घाण दुसऱ्याच कुणीतरी केलेली आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग हा माणूस जूनमधल्या एका शनिवारी दुपारी एक वाजता डॅलसजवळच्या मेस्कीटच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, हातात सॉसेजचा कोलाची पाव घेऊन, त्याच खेळाच्या भल्यामोठ्या फलकाखाली काय करत होता? तर ब्रिन डेकर नावाच्या पोरीने ई-मेल न करता सरळ फोन केला होता. ती ज्या कंपनीत होती ती कंपनी जुने खेळ पुन्हा बाजारात आणायची. 'ब्लॅक सायलो'ची कन्सोलवरची आवृत्ती त्यांना वर्धापनाचा थाट करून काढायची होती, सोबत पुस्तिका, सोबत चित्रफीत. 'खुद्द टिडवेल अठ्ठावीस वर्षांनी आपला खेळ खेळतात' असं काहीतरी. रॉइस आधी नाही म्हणाला. मग विचार करतो म्हणाला. मग इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हातारपणी कुणी विचारलं की माणसाला बरं वाटतं, ते कशासाठी का विचारीना.

"आलात! मला वाटलं ऐनवेळी टांग मारणार तुम्ही," ब्रिन म्हणाली. सव्वीस वर्षांची असेल. केस निळे. "सर, तुम्ही फक्त बसा, खेळा आणि मनात येईल ते बोला. लोकांना तेच हवंय."

"मनात येईल ते बोललो तर तुमची कंपनी बुडेल."

"तेच तर! तुम्ही कसले भारी आहात!"

रॉइसने पावाचा उरलेला तुकडा टोपलीत टाकला. आपण भारी नाही, आपण चिडलेलो आहोत, हे या पोरांना सांगून कळत नाही.

मूळ खेळ काय देखणा होता! शेजारच्याच उपनगरातल्या पाच पोरांनी तो संगणकासाठी केलेला. धान्याच्या कोठाराखाली मैलोन्‌मैल पसरलेलं तळघर, पडद्याच्या तळाशी आपल्याच हातात असल्यासारखी बंदूक, आणि अंधारातून धावून येणारी ती ओंगळ जनावरं. माणूस खुर्चीत बसल्याबसल्या मान वळवून मागे बघायचा. देशभर वेड लागलं होतं. मग एका प्रकाशकाला तोच खेळ नाताळच्या आत टीव्हीला जोडायच्या करड्या डबड्यावर हवा झाला. त्या डबड्याची स्मरणशक्ती म्हणाल तर गप्पी माशाएवढी. मुदत दहा आठवडे. बाकी सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा हे काम गार्लंडमध्ये टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन बसलेल्या रॉइसने घेतलं. माणसं दोनच, तो आणि आर्सेलिया कांतू. आवाज, जनावरं, दारं, बंदुका हे रॉइसकडे. पडद्यावर चित्र काढायचं काम, म्हणजे भिंती, जमीन, उजेड, सगळं आर्सेलियाकडे. ती पार खाली सीमेजवळच्या ब्राउन्सव्हिलची. गणितात अशी तल्लख, की रॉइसला कधीकधी तिचा रागच यायचा.

दहा आठवडे त्यांनी नुसती कापाकापी केली. संगीत कापलं. निम्मी तळघरं कापली. जनावरांच्या पाठी कापल्या. म्हणजे कुठूनही बघा, जनावर आपलं तुमच्याकडेच तोंड करून उभं. आणि एवढं करून खेळ दुकानांत गेला तेव्हा चालेना. चित्र हलायचं ते अडखळत, ठेचकाळत, लग्नाचे फोटो एकामागून एक दाखवावेत तसं. मासिकांनी चिंध्या केल्या. एकाने रॉइसला फोन करून विचारलं, हे असं कसं झालं? रॉइसने तेव्हा जे उत्तर दिलं ते छापून आलं होतं: "बाकी सगळा खेळ पळत होता. चित्रं मात्र कांतूच्या चालीने यायची."

दोन महिन्यांनी आर्सेलिया काम सोडून गेली. रॉइसने थांबवलं नाही.

हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली होती. चाळिशीतले बाप्ये, टकलं पडलेले, पोटं सुटलेले, सगळ्यांच्या अंगात एकाच तऱ्हेचा काळा शर्ट. छातीवर खेळाचं नाव आणि खाली कडेला एक हिरवी रेघ. समोर भिंतभर मोठा सपाट टीव्ही, त्याला ते जुनं करडं डबडं जोडलेलं. रॉइस खुर्चीत बसला. कंट्रोलर हातात घेतला तेव्हा तो चिकट लागला. अठ्ठावीस वर्षांत किती हातांचा घाम त्यावर बसला असेल या विचाराने त्याने तो बोटांच्या टोकांनीच धरला.

खेळ सुरू झाला. देवा रे! भिंतींचा रंग म्हणजे दोन दिवस झाकून ठेवलेल्या ग्रेव्हीवर धरलेली साय. बटण दाबावं आणि गोळी सुटेपर्यंत आपण बटण दाबलं होतं हे विसरावं. जनावर मेलं तरी तोंड आपल्याकडेच. बंदुकीचा आवाज त्याने स्वतः केला होता, टायरच्या दुकानातल्या पान्याने पत्रा ठोकून, आणि तो तस्साच येत होता, पान्याने पत्रा ठोकल्यासारखा. रॉइसचा चेहरा आंबला. कॅमेऱ्यावरची ब्रिन खूश झाली.

पहिल्या मोठ्या खोलीत तीन जनावरं एकदम आली आणि चित्र गोठलं. लगेच शंभर जण एका सुरात ओरडले, "कांतू!"

रॉइस दचकला. "काय म्हणाले?"

"सर, तुम्हाला माहीत नाही?" ब्रिनचे डोळे विस्फारले. "शब्दच आहे तो आता. कुठलाही खेळ अडखळला की म्हणायचं, कांतू झाला. तुमच्याच मुलाखतीतून आलाय! आमच्या पुस्तिकेचं नावही तेच आहे, 'कांतूच्या चालीने'. संध्याकाळी पाचला शेवटचा कार्यक्रम आहे ना, तेव्हा तुम्ही ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायचं. तुमच्या तोंडून. लोक खुर्च्या मोडतील."

"कांतू कोण होती ते ठाऊक आहे का यांना?"

"होती?" पहिल्या रांगेतला एक दाढीवाला म्हणाला. "मला वाटलं कंपनीचं नाव आहे."

सगळे हसले. रॉइसही हसला. खोटं कशाला बोला, त्याला जरा बरंही वाटलं. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, दोष जिथल्या तिथे होता आणि त्याला शंभर माणसांची साक्ष होती. तो पुढे खेळू लागला. दार उघडलं, जिना उतरला, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष पडद्याच्या डाव्या कडेला गेलं.

तिथे वरून खालपर्यंत करंगळीएवढी एक हिरवी पट्टी होती. खोलीत जनावर आलं की ती लांब व्हायची. जनावर मेलं की आखडायची.

रॉइसचा अंगठा बटणावरच राहिला.

"ती पट्टी," तो म्हणाला. "ती पट्टी कधीपासून दिसते?"

"शेवाळ, सर!" दाढीवाला ओरडला. "तळघरातलं शेवाळ! जुन्या टीव्हीवर नव्हतं दिसत, चपटे टीव्ही आले तेव्हापासून दिसायला लागलं. हे बघा, शर्टवर पण आहे!"

शंभर जणांनी आपापल्या छातीवरच्या हिरव्या रेघेवर थापा मारल्या.

ते शेवाळ नव्हतं. त्या हॉलमध्ये हे एकट्या रॉइसला कळत होतं. त्या काळी या धंद्यातली एक साधी पद्धत होती. खेळाचा कुठला तुकडा किती वेळ खातो हे बघायचं तर चित्राच्या अगदी कडेला एक रंगीत पट्टी काढायची. पट्टी लांब तर वेळ जास्त. घरोघरच्या फुगीर टीव्हीची चौकट चित्राची बोटभर कड गिळून टाकायची, म्हणून ती पट्टी गिऱ्हाइकाला दिसायची नाही. दिसायची ती फक्त कामाच्या मॉनिटरवर. टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत दोघांनी रंग वाटून घेतले होते. आर्सेलियाच्या मशीनवर जांभळी पट्टी. रॉइसच्या मशीनवर हिरवी.

आणि वेळ मोजायलाही वेळ लागतो. पट्टीचा स्विच चालू असला की मशीन प्रत्येक भिंत काढून झाल्यावर थांबून घड्याळ बघतं. एकेक टॉर्टिया भाजून झाल्यावर दिवाणखान्यात जाऊन घड्याळ बघून येणाऱ्या बाईचा स्वयंपाक कधी व्हायचा? म्हणून शेवटची डिस्क काढायच्या आधी तो स्विच बंद करायचा असतो. हे शिकाऊ पोरालाही कळतं.

रॉइसला तो शुक्रवार जसाच्या तसा आठवला. आर्सेलियाने आदल्या दिवशी काढलेली डिस्क प्रकाशकाच्या माणसांनी खेळून पसंत केली होती. ती पहाटेच बहिणीच्या लग्नाला ब्राउन्सव्हिलला निघून गेली. जाताना म्हणाली होती, "काही बदलायची वेळ आलीच तर माझ्या मशीनवर बदल. तुझ्यावर पट्टी चालू आहे." तो म्हणाला होता, "मला शिकवू नकोस." दहा वाजता प्रकाशकाचा फोन आला. वकिलांना पहिल्या पडद्यावरचं बोधचिन्ह बदलून हवं होतं. पाच मिनिटांचं काम. पण आर्सेलियाची खुर्ची त्याला बुटकी पडायची, गुडघे टेबलाला लागायचे. म्हणून त्याने आपल्याच मशीनवर बदल केला, डिस्क काढली, पहिला पडदा तेवढा बघितला, आणि दोनच्या विमानाला पाकीट गाठून दिलं. पुढचं कुणी खेळून बघितलंच नाही. आणि मॉनिटरच्या कडेला ती हिरवी पट्टी दहा आठवडे रात्रंदिवस दिसत होती, ती त्याला त्या दिवशी दिसली तरी खुपली नसती.

"सर? मरताय तुम्ही," ब्रिन म्हणाली. पडद्यावर जनावरं त्याचे लचके तोडत होती.

"मला बरं वाटत नाही," रॉइस म्हणाला, आणि ते खरं होतं. "पाचपर्यंत येतो."

हॉलच्या स्वच्छतागृहात त्याला कोलाची उलटून पडला. तोंड धुऊन त्याने बायकोला फोन केला. दरवर्षी नाताळचं कार्ड तीच आर्सेलियाला पाठवायची, त्यामुळे पत्ता तिच्याकडे होता.

"वेदरफर्डचा आहे," बायको म्हणाली. "का रे? काय झालं?"

"काही नाही. घरी आल्यावर सांगतो."

मेस्कीटहून वेदरफर्ड म्हणजे अख्खं डॅलस आणि अख्खं फोर्ट वर्थ ओलांडून सव्वा तास. गाडीत त्याने वातानुकूलन पुरतं सोडलं तरी पाठ ओली झाली.

आर्सेलिया अंगणात शिडीवर होती. पीचची सहा झाडं, फांद्या फळांनी वाकलेल्या. ती तिथल्या शाळेत गणित शिकवते एवढंच रॉइसला माहीत होतं. केस पांढरे झाले होते, पण मान वाकडी करून बघायची तऱ्हा तीच. फांद्यांना दोऱ्यांनी जुन्या डिस्क बांधलेल्या होत्या. वाऱ्यावर फिरून त्या लखलखायच्या आणि काळे ग्रॅकल पक्षी फळांना चोच न लावता उडायचे.

"रॉइस?" ती वरूनच म्हणाली. "कोण मेलं?"

"कुणी नाही. मी मेस्कीटहून येतोय. आज 'सायलो' खेळलो."

"अगं बाई! आणि जिवंत आहेस?" तिने एक पीच चाचपून बादलीत ठेवलं. "मग?"

"पट्टी दिसली."

ती फळ तोडायची थांबली. शिडीवरून उतरली मात्र नाही. "कुठल्या रंगाची?"

"हिरवी."

"हं." तिने पुढचं पीच तोडलं. "सोळा वर्षं लागली तुला."

"तुला माहीत होतं?"

"दोन हजार नऊच्या नाताळात माझ्या भाचीने चपटा टीव्ही आणला. पोरांनी गंमत म्हणून माळ्यावरचं ते डबडं काढून लावलं. मी तिकडे जेवणासाठी तमाले वळत होते. सहज मान वर केली, तर पडद्याच्या कडेला तू." ती कोरडं हसली. "मी त्याच दिवशी तुला मेल केली. विषय, ब्लॅक सायलो. आत दोनच शब्द. पट्टी बघ."

"मी त्या नावाच्या मेल उघडत नाही."

"का?"

"किळस येते म्हणून."

"किळस!" ती आता उतरली. खाली येऊन त्याच्यासमोर उभी राहिली, हातावर फळांची लव चिकटलेली. "तुला किळस आली म्हणून तू एकदा, अरे फक्त एकदा, ती डिस्क लावून बघितली नाहीस. तेव्हा कामाच्या मॉनिटरवर लावली असतीस तर पाच सेकंदांत दिसलं असतं तुला. माझ्याकडे होता का मॉनिटर? माझं सामान प्रकाशकाने परत नेलेलं, आणि तुझ्या मशीनला मला हात लावायची मुभा नव्हती. मी दुकानात जाऊन उभ्याउभ्या खेळले होते, साध्या टीव्हीवर, पोरांच्या रांगेत. मला काय दिसलं? मी लिहिलेलं चित्र ठेचा खातंय, एवढंच दिसलं."

"आर्सी..."

"आर्सी म्हणू नकोस. नावाचं मला काही नाही. परवा वर्गात प्रोजेक्टर अडकला तर मागून एक पोरगा ओरडला, कांतू! आणि मग त्याच्या लक्षात आलं समोर कोण उभंय. चेहरा असा झाला बिचाऱ्याचा! वर्ग खदाखदा हसला. मीही हसले, काय करू? ते मी गिळलं. पण बारा वर्षं, रॉइस. बारा वर्षं मला वाटत होतं की मला येतच नाही. कागदावर हुशार आणि खऱ्या मशीनवर ढ. तिथून निघाल्यावर तीन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं मला. एकातही गेले नाही. म्हटलं, आणखी कुणाचं कशाला वाटोळं करा."

रॉइस खाली बघत राहिला. तिच्या पायातल्या रबरी बुटांना चिखल लागला होता.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तुझी माफी..."

"इथे नको."

"म्हणजे?"

"इथे कोण आहे ऐकायला? मी आणि ग्रॅकल. मला तर माहीतच आहे, आणि त्यांना काही पडलेलं नाही. तू सव्वा तास गाडी हाकत आलास ते हलका व्हायला. माझ्या अंगणात ओकायचं, तोंड पुसायचं आणि घरी जाऊन जेवायचं. आता मला किळस येतेय, कळलं? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासमोर जाऊन बोल."

रॉइसची नजर तिच्या डोक्यावरच्या फांदीकडे गेली. तिथे फिरणाऱ्या एका डिस्कवर जांभळ्या शाईची अक्षरं होती. पुसट, पण वाचता येत होती. 'सायलो, स्वच्छ'. आणि तारीख. त्या गुरुवारची.

"ही ती?"

"तीच. पसंत झालेली. टाकवेना आणि ठेववेना. म्हटलं, पाखरं तरी हाकलेल."

"ही लावून दाखवली तर..." त्याने हात उंचावून ती डिस्क धरली. उन्हाने पाठीचा मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता. तिच्यातून पलीकडची पानं दिसत होती.

"त्यावर आता काही नाही," आर्सेलिया म्हणाली. "पुरावा असता तर सोपं होतं, नाही? पुराव्याने बोलायचं आणि तू नुसता शेजारी उभा राहायचं. आता तुझं तोंड तेवढं उरलंय. तुमचा तमाशा किती वाजेपर्यंत आहे?"

"पाचला शेवटचा कार्यक्रम."

"मग नीघ. फोर्ट वर्थला शनिवारचं तुंबतं." ती शिडीवर चढू लागली. दुसऱ्या पायरीवर थांबून म्हणाली, "ते सगळं नेटवर टाकतात ना? मी बघेन. कॅमेरा चालू असेल तेव्हाच बोल. बाहेर गाडीपाशी उभं राहून कुणाच्या कानात सांगितलंस, तर ते धरणार नाही मी."

परतीच्या वाटेवर रॉइस वाक्यं जुळवत होता, आणि काय एकेक वाक्यं जुळत होती! 'त्या घाईत आमच्याकडून एक गोष्ट राहून गेली.' 'ऐनवेळच्या बदलामुळे तांत्रिक गफलत झाली.' 'दोष कुणा एकाचा नव्हता.' फोर्ट वर्थला गाड्या तुंबल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याला दोन-तीनदा ऐकावं लागलं. प्रत्येक वाक्यात स्विच आपोआप चालू राहत होता आणि डिस्क आपोआप विमानतळावर जात होती. शेवटी त्याला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला. त्याने रेडिओ लावला आणि बंद केला.

पाचला दहा कमी असताना तो हॉलमध्ये शिरला. ब्रिन धावत आली. "वाचलात! सर, खुर्ची तयार आहे. आधी थोडं खेळा, मग ते वाक्य."

"आधी वाक्य," रॉइस म्हणाला, आणि माइक घेतला.

शंभर काळे शर्ट शांत झाले. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा लागला.

"आर्सेलिया कांतू ही माणूस आहे," तो म्हणाला. "वेदरफर्डला राहते. या खेळाचं चित्र काढायचं काम तिचं होतं आणि ते तिने चोख केलं होतं. तुमच्या शर्टवर जी हिरवी रेघ आहे ती शेवाळ नाही. ती माझी आहे. वेळ मोजायचा स्विच असतो, तो चालू राहिला की अशी पट्टी दिसते आणि खेळाचा वेग निम्म्यावर येतो. शेवटची डिस्क मी काढली. स्विच मी बंद केला नाही. तिने बजावलं होतं तरी केला नाही. मग खेळून बघितलाही नाही, आणि सगळीकडे सांगितलं की..."

तांबडा दिवा विझला होता.

ब्रिन कॅमेऱ्यामागून जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, हे जबरदस्त आहे, खरंच. पण आमची पुस्तिका छापून झालीय. नावच 'कांतूच्या चालीने' आहे हो. हे आपण नंतर वेगळं घेऊ ना, शांतपणे? आता फक्त ते वाक्य."

"दिवा लाव."

"सर..."

"पोरी, दिवा लाव. मी पहिल्यापासून सांगणार आहे. आणि मध्ये बंद केलास तर पुन्हा पहिल्यापासून."

ब्रिनने त्याच्याकडे बघितलं, मग लोकांकडे. कुणी हसत नव्हतं. काही जणांनी आपापले फोन वर धरले होते. तिने दिवा लावला.

रॉइसने सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा वाईट होतं, कारण आता लोकांना पुढचं ठाऊक होतं आणि ते त्याच्या तोंडाकडे बघत वाट बघत होते. मग बुटक्या खुर्चीची पाळी आली. अठ्ठावीस वर्षांचं एका बाईचं आयुष्य आणि कारण काय, तर गुडघे टेबलाला लागत होते. पण तेही त्याने सांगितलं. ती न उघडलेली ई-मेलही सांगितली.

मग पहिल्या रांगेतल्या दाढीवाल्याने हात वर केला. आपल्याच छातीवरची रेघ तो बोटाने खरवडत होता, आता ती त्यालाही नकोशी झाल्यासारखी.

"मग आता," तो म्हणाला, "खेळ अडकला की म्हणायचं काय?"

रॉइस खुर्चीत बसला. चिकट कंट्रोलर उचलला. खेळ सुरू केला, दार उघडलं, आणि सरळ त्या मोठ्या खोलीत गेला. तीन जनावरं एकदम आली. हिरवी पट्टी सरसरत खालपर्यंत उतरली आणि चित्र गोठलं.

शंभर तोंडं उघडली आणि तशीच राहिली. कुणाला काय ओरडावं कळेना.

रॉइसने मान वळवून कॅमेऱ्याकडे बघितलं. तांबडा दिवा चालू होता.

"टिडवेल!" तो जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने ओरडला.

पुढच्या खेपेला चित्र अडकलं, तेव्हा अख्खा हॉल त्याच्याबरोबर ओरडला. तो खेळत राहिला. अजून सात खोल्या होत्या.